पोस्टरवाला मुखा

आमच्या आर्ट सर्कलची एकांकिका असली की पोस्टर माझ्याच गळ्यात पडतं. बजेट शून्य, सूचना पंचवीस. सगळ्यांचे फोटो हवेत, लोगो मोठा हवा आणि उद्या सकाळी हवं! मागच्या वेळी मी सतरा चेहरे एका कागदावर कोंबले. तरी लोक विचारत होते, नाटक आहे कुठे? त्यानंतर लायब्ररीत अल्फॉन्स मुखावरचं पुस्तक हाती लागलं. (आपण मुचा म्हणतो, पण चेक उच्चार मुखा.)

मुखाचा जन्म २४ जुलै १८६० चा, मोराव्हियातल्या इवानचित्से गावचा. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं. लहानपणी तो ब्रनोच्या चर्चमध्ये गायचा. प्रागच्या कला अकादमीने त्याला प्रवेश नाकारला. मग व्हिएन्नात नाटकांचे पडदे रंगवले, पण १८८१ मध्ये मोठं गिऱ्हाईक असलेलं थिएटरच जळालं आणि नोकरी गेली. पुढे तो पॅरिसला पोचला. १८९४ च्या नाताळात नटी सारा बर्नहार्टला 'जिस्मोंदा' नाटकाचं पोस्टर तातडीने हवं होतं. ते मुखाने केलं. जवळजवळ माणसापेक्षा उंच, अरुंद पोस्टर, त्यात एकटी सारा. १ जानेवारी १८९५ ला ते भिंतींवर लागलं आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. साराने सहा वर्षांचा करार केला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला आवडला तो पुढचा मुखा. १९१० मध्ये तो मायदेशी परतला आणि छोट्या संस्थांसाठीही पोस्टर्स करू लागला. १९११ मध्ये मोराव्हियन शिक्षकांच्या गायकवृंदाचं केलं. हे गावोगावचे मास्तर, शाळा सांभाळून गाणारे, सगळे पुरुष. आम्ही असतो तर सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो काढला असता. मुखाने एकही गायक काढला नाही! त्याने काढली त्या भागातल्या पारंपरिक पोशाखातली एक मुलगी, पक्ष्याचं गाणं कान देऊन ऐकणारी. म्हणजे गाणारा नाही, ऐकणारा दाखवला. पोस्टर बघणाऱ्यालाच त्यात जागा दिली.

१९१२ चं पोस्टर तर मला जास्तच लागलं. चेक शिक्षणासाठी पैसे उभे करायला लॉटरी काढली होती, कारण तिथे जर्मनचा वरचष्मा होता. चित्रात मागे वठलेल्या झाडापाशी दुःखी बाई, म्हणजे चेक भूमी. पुढे हातात वह्या-पेन्सिली घेतलेली लहान मुलगी, सरळ आपल्याकडे बघणारी. माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तरी दंड व्हायचा. त्या मुलीच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं, खरं सांगते. हा लेखसुद्धा आईकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलाय.

१९१८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर मुखाने तिकिटं आणि नोटा मानधन न घेता डिझाइन केल्या. 'स्लाव्ह महागाथे'ची २० प्रचंड चित्रं १९२८ मध्ये प्राग शहराला दिली. तोवर नवे चित्रकार त्याला जुनाट म्हणू लागले होते. १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले, तेव्हा गेस्टापोने ७८ वर्षांच्या या म्हाताऱ्याला चौकशीसाठी नेलं. आधीच खालावलेली तब्येत सावरली नाही. १४ जुलैला तो गेला.

पुढच्या एकांकिकेचं पोस्टर सोमवारी द्यायचंय. दिग्दर्शकाने फोटोंचा पेनड्राइव्ह दिलाय. अजून उघडलेला नाही. नाटक एका वाट बघणाऱ्या आजीचं आहे, म्हणून सध्या नुसतं दार काढून बघतेय.