बाबासाहेब आणि घरातली बुद्धमूर्ती



आमच्या अहमदपूर तालुक्यात नव्याने दीक्षा घेतलेल्या घरी गेलो की एक प्रश्न हमखास निघतो. देव्हाऱ्यातले टाक तर उतरवले. आता त्या जागी बुद्धमूर्ती कोणती बसवावी? साधी चालेल की सोन्याचा मुलामा दिलेलीच हवी? कुणी पैसे साठवीत असतो, कुणी उसनवारीच्या विचारात असतो. याचे उत्तर देण्याआधी परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात तथागत कसे आले, ते तुम्ही एकदा पाहावे असे मला वाटते.

ते मूर्तीच्या रूपाने आले नाहीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या कौतुकाची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. घर कबीरपंथी. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. त्या घरात बुद्ध प्रथम शिरला तो पुस्तकातून. पुढे दादरला बाबासाहेबांनी घर बांधले, त्याला नाव दिले राजगृह, आणि ते भरले ग्रंथांनी.

आता आपल्या मराठवाड्यातला प्रसंग ऐका. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याच्या दाराशी हौद होता, तिथे काहींनी हातपाय धुतले. झाले! हौद बाटवला म्हणून गावातले मुसलमान धावून आले, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येते की काय असे झाले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला. आत कुठे यांनी पाण्याला हात लावू नये म्हणून! विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, आणि त्याच्यावर पाण्यासाठी पहारा. ही अस्पृश्यता एकट्या हिंदूंपुरती नव्हती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली.

ज्या लेण्यांसाठी ते निघाले होते, ती तुम्हीही मुलाबाळांना घेऊन पाहा. अजिंठ्याच्या १० व्या लेण्यातल्या जुन्या स्तूपावर मूर्ती कोरलेली नाही. तथागतांच्या पश्चात कित्येक शतके उपासक बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाउले, रिकामे आसन यांनाच वंदन करीत. मूर्ती नंतर आली. १९ व्या लेण्यात स्तूपावरच तथागत उभे कोरलेले दिसतात. वेरूळच्या १० व्या लेण्यात ते स्तूपापुढे बसलेले आहेत, आणि लोकांनी त्यांना विश्वकर्मा ठरवून टाकले! मूर्ती हाती राहिली आणि उपदेश हातचा गेला की असे होते.

म्हणून बाबासाहेब मूर्तीच्या विरुद्ध होते काय? मुळीच नाही. त्यांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले आणि तथागतांचे चित्र स्वतः काढले. त्या चित्रातले डोळे उघडे आहेत. मिटल्या डोळ्यांचा नव्हे, तर जगाचे दुःख पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता, असे मी समजतो.

१९५४ च्या डिसेंबरात रंगूनला जागतिक बौद्ध परिषद झाली. प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब गेले. ब्रह्मदेशात सोने ठोकून ठोकून त्याचा कागदाहून पातळ वर्ख करतात आणि उपासक आपल्या हाताने तो मूर्तीवर चिकटवतात. मंडाले येथील महामुनीच्या मूर्तीवर असे थरावर थर चढून तिचे अंग खडबडीत झाले आहे. परिषदेहून परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे आपल्या लोकांनी उभारलेल्या विहारात, रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी स्वहस्ते बसवली. २५ डिसेंबर ही तारीख तुमच्या ओळखीची आहे. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती.

मग १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतल्यावर पांढऱ्या वस्त्रातल्या बाबासाहेबांनी मूर्तीपुढे हात जोडून तीनदा वंदन केले, पांढरी कमळे वाहिली. त्यानंतर लाखो लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे त्यांनी साफ नाकारले. एकाच दिवशी, एकाच माणसाने ही दोन्ही कामे केली. कमळ वाहिले, पण नवस बोलला नाही.

तेव्हा मूर्ती जरूर आणा. ऐपत असेल तर मुलाम्याची आणा. पण कर्ज काढून आणू नका. त्या पैशात मुलीची वह्यापुस्तके येतात. हळदकुंकू, दुधाचा अभिषेक नको. तो आपला विधी नव्हे, आणि घासून-पुसून मुलामाही जातो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली की पुरे. प्लॅस्टरची, सोनेरी रंगाची मूर्ती असली तरी कमीपणा कसला?

बाबासाहेबांचा परदेशचा शेवटचा प्रवास नेपाळचा, नोव्हेंबर १९५६ मधला, काठमांडूच्या बौद्ध परिषदेसाठी. काठमांडूला लागूनच पाटण शहर आहे. तिथले शाक्य कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बुद्धमूर्ती घडवतात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेपण, मेण वितळवून काढले की त्या पोकळीत तांब्याचा रस. मग सोने पाऱ्यात कालवून मूर्तीला लावतात आणि तापवतात. पारा उडून जातो, सोने अंगाला धरून राहते. त्या पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाते. झळाळत्या मूर्तीसमोर बसताना या माणसाची आठवण ठेवा.

काठमांडूहून परतताना बाबासाहेब सारनाथ आणि कुशीनगरला गेले, मग दिल्लीला. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.